बाजार राखायचा की बंद करायचा? इंटरनेटवरील सुरक्षितता आणि इस्लामी शासनाची जबाबदारी

२६ ऑक्टोबर २०२१, मंगळवार. इराणमध्ये पेट्रोल भरायला गेलेल्या लोकांनी नेहमीप्रमाणे आपले कार्ड पंपाच्या यंत्रात घातले. लिटर आणि पैशांचे आकडे येण्याऐवजी कित्येक ठिकाणी पडद्यावर अक्षरे उमटली, 'सायबर हल्ला ६४४११'. हा क्रमांक देशाच्या सर्वोच्च नेत्याच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक होता. पाहता पाहता देशभरातील सुमारे ४३०० पंपांचे काम ठप्प झाले. रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि सारे सुरळीत व्हायला काही दिवस गेले.

टाक्यांत पेट्रोल होते. पंपाच्या मोटारी ठीक होत्या, कामगारही हजर होते. बंद पडली होती ती फक्त हिशेब ठेवणारी यंत्रणा. इराणमध्ये २००७ साली पेट्रोलवर रेशनिंग सुरू झाले आणि त्यासाठी प्रत्येक गाडीचे कार्ड असते. २०२१ साली खाजगी गाडीला दरमहा ६० लिटरपर्यंत १५०० तुमान दराने पेट्रोल मिळे, त्यापुढे ३००० तुमान. टॅक्सी व मालवाहू गाड्यांचा कोटा अधिक होता. म्हणजे ज्याची रोजी गाडीवर चालते त्याच्यासाठी ते कार्ड म्हणजे अर्धा धंदा. कार्ड चालेना तेव्हा पंपवाल्यांनी यंत्रणा बाजूला ठेवून हाताने पेट्रोल द्यायला सुरुवात केली, पण ते चढ्या दराने. कोठे तरी दूर बसलेल्या कोणी संगणकाची कळ दाबली आणि इसफहानच्या टेम्पोवाल्याच्या खिशातून पैसे गेले.

व्यापाराच्या या पानावर आम्ही हा विषय का घेतला, असे काही वाचक बंधू विचारतील. कारण सरळ आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांचा गल्ला फोनमध्ये आला आहे. माल पाहणे, भाव ठरवणे, पैसे देणे-घेणे, उधारीची आठवण करून देणे हे सारे त्याच पडद्यावर होते. अशा वेळी 'शासनाने सुरक्षितता द्यावी' असे आपण सहज बोलून जातो. पण या एका वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. एक, शासनाने कुलपे मजबूत करावीत, चोर पकडावा आणि बाजार चालू ठेवावा. दुसरा, धोका आहे म्हणून शासनाने बाजाराचा दरवाजाच लावून घ्यावा. इराण स्वतःला इस्लामी प्रजासत्ताक म्हणवते, म्हणून तेथे हा प्रश्न दीनच्या भाषेत विचारला जातो आणि उत्तरही त्याच भाषेत दिले जाते. आमचे मत असे की शरीयतने शासनावर टाकलेले कर्तव्य पहिल्या अर्थाचे आहे. दुसरा अर्थ पुष्कळदा त्या कर्तव्यातून सुटण्याचा मार्ग ठरतो.

मोहर कोणाची मोडली?

कागदपत्रांत हात घालून रक्कम बदलण्याचा गुन्हा संगणकाबरोबर जन्मलेला नाही. ह. अमीर मुआविया (रजि.) यांच्या काळातील एक प्रसंग इतिहासकारांनी नोंदवला आहे. त्यांनी अम्र बिन जुबैर यांना एक लाख दिरहम द्यावेत असे इराकचा कारभारी जियाद याच्या नावाने पत्र लिहून दिले. अम्र यांनी वाटेत पत्र उघडले आणि एका लाखाचे दोन लाख केले. जियादने दोन लाख मोजून दिले. पुढे हिशेब दमास्कसला पोचला तेव्हा फरक उघडकीस आला. अम्र यांना कैद झाली आणि वरची रक्कम त्यांचे भाऊ अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांनी भरली.

यानंतर काय झाले, हा यातील महत्त्वाचा भाग आहे. अमीर मुआवियांनी 'दीवानुल खातम', म्हणजे मोहरेचे खाते, सुरू केले. तोपर्यंत पत्रे उघडीच जात. यापुढे ती बांधून, मोहर लावून पाठवायची असे ठरले. दमास्कस ते बसरा हा रस्ता त्यांनी बंद केला नाही. लोकांनी एकमेकांना पत्रे पाठवू नयेत असाही हुकूम काढला नाही. दोष शासनाच्या कागदात होता, म्हणून दुरुस्तीही शासनाच्या कागदात झाली. ज्याने अफरातफर केली त्याला पकडले, रक्कम वसूल केली आणि बाकीच्यांची ये-जा पूर्ववत चालू राहिली. आजच्या भाषेत सांगायचे तर आधी आपली यंत्रणा पक्की केली.

दाण्यांच्या राशीपर्यंत, घरापर्यंत नव्हे

बाजारावर देखरेख ठेवणे हे इस्लामी शासनाचे जुने काम होय. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घातला आणि आतले दाणे ओले लागले, हा प्रसंग आपल्या व्यापारी बंधूंना पाठ आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओला माल वर का ठेवला नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध तोडला. पुढे याच कामासाठी मुहतसिब नेमले जाऊ लागले. वजने-मापे तपासणे, भेसळ पकडणे, रस्ता अडवणारी दुकाने हटवणे ही त्यांची कामे.

पण हात राशीत घातला होता, कोणाच्या घरात नव्हे. बगदादचे प्रसिद्ध कायदेपंडित अल-मावर्दी (निधन इ.स. १०५८) यांनी शासनव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात मुहतसिबाची हद्द नेमकी आखून दिली आहे. जे उघड आहे त्याची तपासणी त्याने करावी, जे झाकलेले आहे ते उकरून काढण्याचा त्याला अधिकार नाही. अपवाद आहे तो खुनासारख्या गुन्ह्याची विश्वासार्ह खबर असेल आणि उशीर झाला तर भरपाई होणार नाही अशा प्रसंगाचा. दिव्य कुरआनात सूरह हुजुरातमध्ये परस्परांची हेरगिरी करण्यास स्पष्ट मनाई आहे आणि सूरह नूरमध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरण्यास. ह. उमर (रजि.) एका रात्री भिंतीवरून चढून एकाच्या घरात डोकावले तेव्हाची रिवायतही प्रसिद्ध आहे. त्या माणसाने उत्तर दिले की माझी चूक एक असेल, आपल्या तीन झाल्या. आपण हेरगिरी केली, दाराने आला नाहीत आणि परवानगीही घेतली नाही. अमीरुल मोमिनीन निरुत्तर होऊन परत फिरले. खलीफा रात्री गस्त घालत हे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा ते परत फिरले हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक दस्तऐवज येथे आठवतो. ह. अली (रजि.) यांनी मालिक अल-अश्तर यांना मिसरचा कारभार सोपवताना लिहिलेले पत्र 'नहजुल बलागा'त आहे. त्यात व्यापारी आणि कारागीर यांच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद आहे. एका जागी दुकान मांडून बसणारा असो, माल घेऊन फिरणारा असो की हातांनी कष्ट करणारा असो, त्यांच्याशी भलेपणाने वाग, कारण इतर लोक जेथे जायला धजत नाहीत अशा दूरच्या मुलखांतून ते गरजेच्या वस्तू आणतात, असा त्याचा आशय आहे. लगेच पुढे असेही बजावले आहे की यांच्यात हावरेपणाने साठेबाजी करणारेही पुष्कळ असतात, त्यांना आवर. (आपल्या बाजारात हा दुसरा भाग सहसा वाचून दाखवला जात नाही!) त्याच पत्रात लोकांचे झाकलेले दोष शासकाने उघडे करू नयेत असेही सांगितले आहे. इराणमध्ये या पत्राला सुराज्याचा नमुना मानतात. म्हणून त्या देशाला त्याच मापाने मोजणे गैर ठरणार नाही.

चोर खरा होता

इराणला भीती दाखवणारे शत्रू काल्पनिक नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. नतान्झ येथील अणुकेंद्रात युरेनियमवर प्रक्रिया करणारी गरगर फिरणारी यंत्रे बिघडवणारा 'स्टक्सनेट' नावाचा विषाणू जून २०१० मध्ये उघडकीस आला. सुमारे एक हजार यंत्रे त्याने निकामी केली असावीत असा जाणकारांचा अंदाज आहे. अमेरिका व इस्राएल यांनी मिळून तो तयार केला असे सर्वत्र मानले जाते. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की नतान्झची ती यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. दरवाजा मुळात बंद होता. विषाणू आत गेला तो पेन-ड्राइव्हसारख्या हातात मावणाऱ्या साधनातून. बंद दरवाजा म्हणजे सुरक्षितता, या समजुतीला पहिला तडा तेथेच गेला. एप्रिल २०१२ मध्ये तेल मंत्रालयावर हल्ला झाला तेव्हा खार्ग बेटावरील तेल निर्यातीच्या केंद्राचे इंटरनेट तोडावे लागले. इराणशी वैर असलेला सौदी अरबही यातून सुटला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, 'आरामको' या तेल कंपनीच्या सुमारे ३०,००० संगणकांवरील माहिती पुसली गेली. तेव्हा अमेरिकी अधिकाऱ्यांनी बोट दाखवले ते इराणकडे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र २०११ चे प्रकरण अधिक बोलके आहे. आपण बँकेचे किंवा ई-मेलचे पान उघडतो तेव्हा ते खरोखर त्याच संस्थेचे आहे याची ग्वाही देणारा एक शिक्का आपल्या नकळत तपासला जातो. असे शिक्के देणाऱ्या काही मान्यताप्राप्त कंपन्या जगात आहेत. त्यांतील 'डिजिनोटार' ही हॉलंडची कंपनी. २०११ च्या उन्हाळ्यात तिच्या संगणकांत शिरून कोणीतरी पाचशेहून अधिक खोटे शिक्के तयार केले. त्यांतील गूगलच्या नावाचा शिक्का वापरून इराणमधील सुमारे तीन लाख ठिकाणांहून उघडलेल्या जीमेल खात्यांवर डोळा ठेवला गेला. ऑगस्टमध्ये एका इराणी वापरकर्त्याला त्याच्या संगणकाने धोक्याचा इशारा दाखवला, त्याने तो जगजाहीर केला आणि भांडे फुटले. त्याच सप्टेंबरमध्ये डिजिनोटार दिवाळखोर झाली. अमीर मुआवियांच्या मोहरेचे मोल ज्याला कळते त्याला याचे नवल वाटणार नाही. विश्वासाचा शिक्का विकणाऱ्याचा शिक्का खोटा निघाला तर त्याच्याकडे विकायला काहीच उरत नाही. इराणच्या आतल्या वाहतुकीत तो शिक्का कोणी वापरला? अनेकांनी खुद्द शासनाकडे बोट दाखवले, पण ते न्यायालयात सिद्ध झालेले नाही.

शासनाने या काळात यंत्रणा उभारल्या. संगणकीय गुन्ह्यांचा कायदा २००९ साली झाला. जानेवारी २०११ मध्ये 'फता' नावाचे सायबर पोलीस दल निघाले. मार्च २०१२ मध्ये आयतुल्लाह अली खामेनेई यांच्या आदेशाने सायबरविषयक सर्वोच्च परिषद स्थापन झाली. राष्ट्राध्यक्ष तिचे प्रमुख आणि संसद, न्यायसंस्था, क्रांतिरक्षक दल, पोलीस यांचे प्रमुख तिचे सदस्य.

यांतून काही चांगली कामेही झाली आणि ती सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. २००४ च्या ई-व्यापार कायद्याने घरबसल्या वस्तू मागवणाऱ्या ग्राहकाला ती परत करण्यासाठी किमान सात कामकाजी दिवसांची मुदत दिली. कारण सांगायची गरज नाही, दंडही नाही, फक्त माल परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा. न पाहता घेतलेल्या मालाबाबत फिकहमध्ये ग्राहकाला जो सौदा मोडण्याचा हक्क सांगितला आहे त्याचेच हे नवे रूप म्हणता येईल. इंटरनेटवरील दुकानांसाठी 'ई-नमाद' हे सरकारी विश्वासचिन्ह निघाले. आणि सर्वांत उपयोगी पडला तो बदलता पासवर्ड. पूर्वी इराणी बँक कार्डाला इंटरनेटवरील खरेदीसाठी एक कायमचा दुसरा पासवर्ड असे. भामटे बँकेच्या पानासारखे हुबेहूब पान तयार करून तो काढून घेत आणि खाते रिकामे करत. २०१९ च्या अखेरीस व २०२० च्या सुरुवातीस मध्यवर्ती बँकेने दर व्यवहाराला नवा पासवर्ड बंधनकारक केला. आपल्याकडे फोनवर ओटीपी येतो तसाच हा प्रकार. चोरलेला पासवर्ड पुढच्या मिनिटाला निरुपयोगी ठरू लागला. यासाठी कोणाचे दुकान बंद करावे लागले नाही, कोणाची पत्रे वाचावी लागली नाहीत. मुहतसिबाचे काम असेच असते.

रस्ताच बंद

दुर्दैवाने शासनाचा हात दुसऱ्या कुलपाकडे अधिक वेळा गेला. ३० एप्रिल २०१८ रोजी न्यायालयाच्या आदेशाने 'टेलिग्राम' बंद झाले. त्या वेळी देशात त्याचे सुमारे चार कोटी वापरकर्ते होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोलचे भाव वाढले, निदर्शने झाली आणि जवळजवळ संपूर्ण देशाचे इंटरनेट सुमारे आठवडाभर तोडले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी हिच्या पोलीस कोठडीतील प्रकरणानंतर व मृत्यूनंतर देशभर निदर्शने पेटली. त्या महिन्याच्या २१ तारखेस 'इन्स्टाग्राम' आणि 'व्हॉट्सअॅप' ही दोन्ही दारे लागली.

इन्स्टाग्राम म्हणजे तरुणांचे फोटो, असा आपला समज असतो. इराणमध्ये मात्र तो एक मोठा बाजार होता. टेलिग्राम बंद झाल्यावर छोटा धंदेवाईक तेथेच जमला होता. गालिचे विणणारे, चामड्याच्या पिशव्या शिवणारे, चांदीचे दागिने घडवणारे, घरी लोणची-मुरंबे करणाऱ्या बायका. यांच्याकडे तेहरानच्या मोठ्या बाजारात गाळा घेण्याची ऐपत नाही. पानावर वस्तूचा फोटो टाकायचा, गिऱ्हाइकाने निरोप पाठवायचा, पैसे कार्डावर घ्यायचे आणि पार्सल टपालाने रवाना करायचे. वर्षानुवर्षे जमवलेली गिऱ्हाइके म्हणजे अशा कारागिराची पेढी. ती एका रात्रीत हातची गेली. 'रुबिका', 'ईता', 'बले' अशी देशी साधने आहेत, तिकडे जा, असे त्यांना सांगण्यात आले. पण दुकान उचलून नेता येते, गिऱ्हाईक उचलून नेता येत नाही, हे ज्याने एकदा तरी गाळा बदलला आहे त्याला सांगायला नको.

मग लोकांनी वाट शोधली. बंद पाने उघडण्यासाठी 'व्हीपीएन' नावाची आडवाट मिळते. अधिकृतपणे ती बेकायदा आणि प्रत्यक्षात जागोजागी विकली जाणारी. ही आडवाट कोण चालवतो, आपला निरोप कोणाच्या हातातून जातो, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी हमरस्ता बंद केला, त्याच सुरक्षिततेच्या नावाने लाखो लोक आपले पासवर्ड घेऊन अनोळखी गल्लीत शिरले. चोराला आणखी काय हवे? त्यात काळ्या बाजारात आडवाटा विकणाऱ्यांचे उखळ पांढरे झाले. मसऊद पेझेश्कियान यांनी २०२४ च्या निवडणूक प्रचारात हे निर्बंध सैल करण्याचे आश्वासन दिले होते. २४ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च परिषदेने व्हॉट्सअॅप व गूगल प्ले यांच्यावरील बंदी उठवली. इन्स्टाग्राम त्यात नव्हते.

याआधी २०२१ साली इंटरनेटवर अधिक कडक ताबा आणणारे 'सियानत' विधेयक संसदेत आले होते. सियानत म्हणजे संरक्षण. त्याविरुद्ध दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ज्यांचे संरक्षण करायचे तेच हात जोडून नको म्हणत होते.

आणि एवढे करून कुलूप पक्के झाले का? १८ डिसेंबर २०२३ रोजी पेट्रोल पंपांची तीच यंत्रणा पुन्हा कोसळली. सुमारे ७० टक्के पंप बंद पडल्याचे तेलमंत्र्यांनी मान्य केले. 'गोंजेश्के दरांदे', म्हणजे शिकारी चिमणी, या नावाच्या टोळीने जबाबदारी घेतली. तिचा इस्राएलशी संबंध जोडला जातो, पण इस्राएलने तो कबूल केलेला नाही. दोन वर्षे आणि दोन महिन्यांत एकच दार दोनदा फुटले. या दोन घटनांच्या दरम्यानच इन्स्टाग्राम बंद झाले होते आणि दुसऱ्या घटनेच्या वेळीही ते बंदच होते. गालिचेवाल्याचे पान बंद ठेवून पेट्रोलच्या कार्डाचे रक्षण होत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे दिसावे?

जून २०२५

जून २०२५ मध्ये इस्राएल व इराण यांच्यात बारा दिवस युद्ध झाले. १७ जूनला त्याच टोळीने 'बँक सेपाह'वर हल्ला केला. १९२५ साली स्थापन झालेली ही इराणची सर्वांत जुनी बँक, सैनिकांचे पगार व निवृत्तिवेतन तिच्यातून होतात. ग्राहकांना पैसे काढणे, कार्ड चालवणे अवघड झाले. दुसऱ्या दिवशी 'नोबिटेक्स' या आभासी चलनाच्या पेढीतून सुमारे ९ कोटी डॉलर गेले. चोरांनी ते पैसे स्वतःसाठीही ठेवले नाहीत. कोणालाच उघडता येणार नाहीत अशा खात्यांत टाकून ते नष्ट केले. लूट नव्हे, नासधूस. आभासी चलन हलाल की हराम या वादात आम्ही येथे शिरत नाही. तुमानची किंमत घसरत असताना बचत वाचवण्यासाठी पुष्कळ सामान्य लोक तिकडे वळले होते, एवढे खरे.

त्यानंतर सरकारने देशाचे इंटरनेट जवळजवळ बंद केले आणि शत्रूचे सायबर हल्ले रोखण्यासाठी हे केल्याचे सरकारच्या प्रवक्त्या फातिमा मोहाजेरानी यांनी सांगितले. बॉम्ब पडत असताना वेशीचा दरवाजा लावणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. युद्धकाळात प्रत्येक राज्याला तो अधिकार आहे आणि शरीयतनेही गरजेचा विचार केला आहे. पण गरजेने मिळालेली सूट गरजेपुरतीच असते, हे फिकहचे सूत्र आहे. २०१९ व २०२२ मध्ये वेशीबाहेर शत्रूची फौज नव्हती. लोक आतले होते आणि गाऱ्हाणी आतली होती. शिवाय बँकेत चोर शिरल्यावर शहराचे रस्ते बंद करण्याआधी बँकेची भिंत कशी फुटली हे विचारले गेले पाहिजे. त्या भिंतीचा राखणदार सरकारच होते, कारण बँक सेपाह सरकारी आहे.

पहारेकऱ्यावर पहारा

पहारेकऱ्याने आपल्याच घरात डोकावू नये, ही अपेक्षा इराणच्या क्रांतीलाही मान्य होती. १९७९ च्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने पत्रे उघडणे, दूरध्वनी ऐकणे, हेरगिरी करणे यांना मनाई केली, 'कायद्याने सांगितले असेल ते वगळून' अशी पुस्ती जोडून. डिसेंबर १९८२ मध्ये आयतुल्लाह खोमेनी यांनी आठ मुद्द्यांचा फर्मान काढला. मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या घरात, दुकानात किंवा कामाच्या जागी शिरू नये, दूरध्वनी चोरून ऐकू नये, असे त्यात होते. इतकेच नव्हे, तर चुकून कोणाच्या घरात शिरल्यावर तेथे जुगाराचे किंवा करमणुकीचे निषिद्ध साहित्य दिसले तर ते जगजाहीर करण्याचाही हक्क नाही, असे बजावले होते. शासन उलथवण्याचे कट व दहशतवाद्यांचे अड्डे यांचा अपवाद केला होता. फर्मानात 'दुकान' हा शब्द आहे, याकडे व्यापारी बंधूंनी लक्ष द्यावे. आजचे दुकान फोनमध्ये असेल तर फर्मान फोनलाही लागू व्हायला हवा. भांडण उरते ते अपवाद किती रुंद करायचा याचे.

तो फार रुंद झाला की काय होते, हे २०१२ मध्ये दिसले. सत्तार बेहेश्ती हा कामगार माणूस इंटरनेटवर शासनाविरुद्ध लिहीत असे. सायबर पोलिसांनी त्याला पकडले आणि त्या नोव्हेंबरमध्ये कोठडीतच त्याचा मृत्यू झाला. प्रकरण संसदेपर्यंत गेले. तेहरानच्या सायबर पोलीस प्रमुखास पदावरून हटवण्यात आले. गल्ल्याच्या रक्षणासाठी नेमलेले दल एका मजुराच्या जिवावर उठले, ही गोष्ट ह. अली (रजि.) यांच्या त्या पत्राखाली कशी बसवायची, हे आम्हाला तरी उमगत नाही.

राहिला भरपाईचा प्रश्न. कारागीर बंधूंना हा मुद्दा चटकन कळेल. कापड रंगवायला दिले आणि ते रंगाऱ्याकडे खराब झाले, शिवायला दिलेले थान शिंप्याकडून हरवले, तर जबाबदार कोण? अमानत म्हणून सोडून द्यावे, असे सुरुवातीला वाटत असे. पण लोकांचा माल बुडू लागला तेव्हा कारागिराला जबाबदार धरण्याचा निर्णय झाला आणि तो ह. अली (रजि.) यांच्या नावे सांगितला जातो. फिकहच्या ग्रंथांत यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मग ज्या बँकेने, ज्या खात्याने आपली माहिती आणि आपले पैसे ठेवून घेतले, तिला रंगाऱ्यापेक्षा सौम्य नियम का लावावा? नोबिटेक्सने आपल्या ग्राहकांचे नुकसान विमा निधीतून व स्वतःच्या पैशातून भरून देऊ असे जाहीर केले होते. त्या पेढीचे इतर व्यवहार कसेही असोत, ही भाषा योग्य आहे. तोच प्रश्न सरकारी बँकेला, पेट्रोलच्या खात्याला आणि पाने बंद करणाऱ्या परिषदेलाही विचारता येतो. २०२१ मध्ये चढ्या दराने पेट्रोल घ्यावे लागले त्या टेम्पोवाल्याचा फरक कोणाच्या नावे लिहायचा? २०२२ च्या सप्टेंबरात अर्धवट राहिलेल्या मागण्यांचा कच्चा माल ज्या कारागिराच्या घरात पडून राहिला, त्याने बिल कोठे पाठवायचे?

आमच्या ज्या वाचकांचा इराणच्या खजुराशी, पिस्त्याशी, केशराशी व्यवहार आहे त्यांच्यासाठी शेवटी कामाच्या दोन गोष्टी. पलीकडच्या व्यापाऱ्याशी केवळ व्हॉट्सअॅपवर संबंध ठेवू नये. त्याच्या पेढीचा साधा दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल आजच मागून वहीत लिहून ठेवावा, कारण २०१९, २०२२ आणि २०२५ मध्ये दार लागले तेव्हा आधी सूचना देऊन लागले नव्हते. आणि 'आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यावर पाठवा' असा निरोप आला तर, तो कितीही ओळखीच्या नावाने आलेला असो, जुन्या क्रमांकावर फोन लावून त्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. भाव, वजन, प्रत आणि मुदत कागदावर दोन्ही बाजूंच्या सहीने असावी. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि पडद्यावरचा निरोप पुसला जातो.